लेहुआची फुलं आणि उसन्या गौरी

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गच्या घरात भाद्रपद बेसमेंटमधून वर येतो. बाहेर अजून लोक अर्ध्या चड्डीत बार्बेक्यू करत असतात, मेपलच्या एखाद्याच फांदीला लाली आलेली असते, आणि विलास, म्हणजे माझा नवरा, ख्रिसमसचे दिवे आणि बर्फ उपसायचं फावडं यांच्यामधून एक जड खोका ओढत जिना चढत असतो. खोक्यात माझ्या माहेरच्या, नागपूरच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे असतात. मधल्या पायरीवर तो दम खायला टेकतो आणि दर वर्षी तेच म्हणतो, "आमच्या कोकणात बरं. नदीतले खडे आणायचे, झाली गौर. खिशात मावते."

हा वाद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे. आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या राहतात, अंगभर साड्या, नथी, पाटल्या, शेजारी त्यांची लेकरं. विलासच्या घरी, चिपळूणकडे, पाटावर मूठभर खडे. "तुमच्याकडे गौरी येतात की वऱ्हाड?" असं तो मला लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात म्हणाला होता. "आणि तुमच्याकडे गौरी येतात की बांधकामाचं सामान?" असं मी म्हणाले. संसार तिथून पुढे सुरू झाला.

मुखवटे चिंचेनं घासायचे, राखेनं पुसायचे. हाताला पितळेचा आंबूस वास लागतो. लहानपणापासून माझ्यासाठी भाद्रपदाचा वास म्हणजे हाच. पण हल्ली मुखवटे घासता घासता नाकात एक दुसराच वास येऊन बसतो. ओला, खारट, थोडा जळका. दाताच्या डॉक्टरकडे दात किसताना येतो ना, अगदी तसा. तो शिंपला कोरतानाचा वास. तो मला हिलोत लागला, ज्या भाद्रपदात हा खोका बेसमेंटमधून हललाच नाही.

हवाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊन येतं, वाळू येते, छत्री खोवलेला नारळ येतो. हिलो हे गाव त्या हवाईत बसत नाही. तिथे ऊन पाहुण्यासारखं येतं, चहापुरतं टेकतं आणि निघून जातं. बाकी वेळ पाऊस. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, चामड्याच्या चपलेला हिरवी लव येते. या गावात आमची मुक्ता एका सरकारी मदतीवर चालणाऱ्या दवाखान्यात एका वर्षासाठी म्हणून दाताची डॉक्टर होऊन गेली. वर्ष संपलं. मुक्ता परत आली नाही. फोन आला.

"आई, मी आता वीकमध्ये दोनच दिवस क्लिनिकला जाते."

"आणि बाकीचे दिवस?"

"शेल कार्व्हिंग."

मी 'सेल' ऐकलं. "कसला सेल?"

"सेल नाही, आई. शेल. शिंपला. मी ज्वेलरी करते. हवाईच्या जंगलातल्या देवीची फुलं, पानं. आय कार्व्ह देम."

मी रविवारच्या मराठी शाळेत मुलांना शिकवते. कठीण शब्दाचा अर्थ सोपा करून सांगायचं काम मी वर्षानुवर्षं केलं आहे. पण फोन ठेवल्यावर विलासनं "काय म्हणतेय?" असं विचारलं तेव्हा मला एकही सोपा शब्द सापडला नाही.

खरी पंचाईत लोकांना काय सांगायचं याची होती. विलास सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेणारा. स्वतः खोटं बोलणं त्याला जमत नाही. देवळाच्या पार्किंगमध्ये कुणीतरी मुक्ताची चौकशी केली तेव्हा तो घाम पुसत म्हणाला, "ती ना, आता मरीन साइडला आहे." हे वाक्य प्रसादाच्या रांगेतून पुढे सरकता सरकता वाढत गेलं. आरती संपेपर्यंत आमची मुलगी अमेरिकन सैन्यात भरती झाली होती. एका मावशींनी माझे दोन्ही हात हातात घेऊन, "धाडसी गं पोर तुझी," म्हणून डोळे टिपले. मीही टिपले. वेगळ्या कारणासाठी.

आणि नेमकं त्याच सुमारास जोशीकाकांनी विचारलं. जोशीकाका आमच्या ओळखीतले जुने डेंटिस्ट. निवृत्त व्हायचं ठरवत होते, मुलं दुसऱ्याच क्षेत्रात गेलेली. "मुक्ताच्या हातात दवाखाना द्यावा असं मनात आहे," म्हणाले. खुर्च्या, पेशंट, वेटिंग रूममधली माशांची टाकी, सगळं तयार. गणपतीनंतर उत्तर द्या म्हणाले. घरापासून गाडीनं जवळ. रोज डबा पोचवता आला असता. मी मनातल्या मनात डब्याची पिशवीसुद्धा निवडली होती.

म्हणून आम्ही हिलोला गेलो. नाव 'मुलीला भेटायला', काम तिला घेऊन यायचं.

विमानतळावरून टॅक्सीत बसलो. पांढऱ्या दाढीचा, माझ्यापेक्षा चांगला वीस वर्षांनी मोठा दिसणारा ड्रायव्हर मला म्हणाला, "आंटी, बॅग मी घेतो." मी विलासकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहून हसत होता. पुढे पपई विकणारी बाई आंटी म्हणाली, पोस्टातला माणूस आंटी म्हणाला. मुक्तानं समजावलं की इथे मोठ्या बाईला मानानं आंटी म्हणतात, आपल्या मावशी-काकूसारखं. ते ठीक आहे. पण मावशी म्हणायलासुद्धा म्हणणाऱ्याचं एक वय असावं लागतं.

मुक्ताची गुरू म्हणजे आंटी मोमी. मोमी म्हणजे त्यांच्या भाषेत मोती. हा मोती चांगला उंचापुरा, रुंद, कानाशी फूल खोवलेला आणि आवाजानं गल्ली हलवणारा होता. आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि फावल्या वेळात शिंपले कोरले. मुक्ता तिला भेटली ती दवाखान्याच्या खुर्चीत. मोमीची दाढ ठणकत होती, पण ती तोंड उघडेना. वाद घालता घालता मुक्ताचं लक्ष तिच्या गळ्यातल्या पदकाकडे गेलं. शिंपल्याचं पान, इतकं पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. "तुम्ही तोंड उघडा, मी दुखू देणार नाही. मग हे कसं केलं ते मला दाखवा," असा सौदा झाला. मोमी अजून सांगते की दाढ दुखलीच, पण सौदा म्हणजे सौदा.

मोमीच्या घराखालच्या गॅरेजमध्ये त्यांचं काम चालायचं. एका बाजूला शिंपल्यांच्या पाट्या, वर ठिबकणारी पाण्याची नळी, कारण कोरडं कोरलं तर भुकटी छातीत जाते. मुक्ता तोंडाला मास्क, डोळ्यांना भिंग लावून बसलेली, हातात दातासारखंच ते बारीक फिरणारं यंत्र. लांबून पाहिलं तर ती पेशंटच तपासत होती. फक्त पेशंट गप्प होता.

तिनं मला तयार झालेला पहिला तुकडा दाखवला. पांढऱ्या, गुलाबी झाक असलेल्या शिंपल्यावर मधोमध एक ठिपका आणि सगळीकडे फुटलेल्या केसासारख्या रेषा. मी बराच वेळ निरखला आणि मनापासून म्हणाले, "छान. साळिंदर अगदी हुबेहूब."

मोमीनं भाषांतर मागितलं. मुक्तानं ते दिलं नाही.

ते लेहुआचं फूल होतं. ज्या झाडाला ते येतं त्याचं नाव ओहिया, आणि मी पहिले काही दिवस समजत होते की ते लोक ओहायो म्हणतात. ओहायोत आम्ही राहिलो आहोत, असलं झाड मला तिथे कधी दिसलं नव्हतं. शेवटी मोमीनंच आम्हाला गाडीत घातलं आणि जंगलात नेलं. आत शिरायच्या वाटेवर एक ब्रश ठेवलेला होता. बुटाचे तळवे घासून, फवारा मारून मगच आत जायचं, कारण चिखलातून रोग जातो आणि झाडं मरतात. विलासनं स्वतःचे बूट घासले, माझे घासले, मग मागून आलेल्या एका अनोळखी कुटुंबाचेही तपासले आणि एकाला परत पाठवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिथे रमला.

आत धुकं, माणसापेक्षा उंच नेचे, आणि मग ती फुलं. लालभडक, नुसते केसरच केसर, पाकळी म्हणून दिसतच नव्हती. विलास मान वर करून म्हणाला, "अगं, हे तर जांभळाच्या मोहोरासारखं! फक्त लाल." पुढे घरी जाऊन त्यानं शोधलं, ते झाड खरंच जांभळाच्या कुळातलं निघालं. त्यानंतर तो प्रत्येक ओहियाकडे चिपळूणच्या नातेवाइकाकडे बघावं तसा बघायला लागला.

मुक्तानं गोष्ट सांगितली. अग्नीच्या देवीनं रागाच्या भरात एका तरुणाचं झाड केलं. त्याची प्रिया रडत बसली, तेव्हा बाकीच्या देवांना दया आली आणि त्यांनी तिचं फूल करून त्याच झाडावर ठेवलं. म्हणून ते फूल तोडायचं नाही. तोडलं की ताटातूट, आणि मग पाऊस. ही सगळी फुलं, आणि माइले नावाचा एक सुगंधी पानांचा वेल, आणि नेचे, हे सगळं लाकाचं. लाका म्हणजे जंगलाची आणि नाचाची देवी.

"मग तिलाच का नाही कोरत?" मी विचारलं. "छान मुखवटा होईल. मी माप देते."

मोमी थांबली. "तू पाहिलंस तिला?"

"नाही."

"मीही नाही पाहिलं. मग चेहरा कुणाचा काढू? माझ्या बहिणीचा?" आणि ती इतकी मोठ्यानं हसली की वरच्या फांदीवरून पक्षी उडाले. तिच्या घराण्यात लाका म्हणजे हिरवा पाला, फुलं. चेहरा काढत नाहीत, ती म्हणाली. दुसऱ्यांचं ती सांगू शकत नव्हती.

विलासनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांनी, समुद्राच्या मधोमध, चिपळूणच्या खड्यांना साक्षीदार मिळाला होता.

शनिवारी बाजारात मुक्ताची छोटी टपरी असायची. एका शनिवारी तिला तासभर दवाखान्यात बोलावलं आणि तिनं मला बसवलं. "आई, फक्त बस. काही सांगू नकोस. प्लीज." आता चांगल्या मालाजवळ नुसतं बसून राहायचं हे नागपूरच्या बाईला सांगणंच चूक आहे. एक मुलगी आली, एमिली नावाची, खरोखरच ओहायोची. तिचं दुसऱ्या दिवशी समुद्रकिनारी लग्न होतं. लेहुआची कानातली तिला इतकी आवडली की स्वतःसाठी आणि मैत्रिणींसाठी तिनं टपरी जवळजवळ रिकामी केली. मी खूश होऊन म्हटलं, आहेर म्हणून दोन चांगले शब्द द्यावेत.

"फार शुभ फूल आहे हं," मी इंग्रजीत म्हणाले. "हे पाऊस आणतं."

ती हसायची थांबली. "पाऊस?"

"भरपूर!" मी म्हणाले. "आमच्याकडे लग्नात पाऊस म्हणजे आशीर्वाद."

अजूनही माझं मत असं आहे की यात माझं काही चुकलं नाही. ज्या मुलखात पाऊस पडला तरच माणसं सुखानं जेवतात, तिथली बाई दुसरं काय बोलणार? पण एमिली आकाशाकडे बघायला लागली, आणि मग बाजाराच्या मधोमध चक्क रडली. गेले कित्येक महिने ती फक्त त्या दिवसाचा हवेचा अंदाज बघत होती, असं तिची आई म्हणाली. कानातली सगळी परत आली. मुक्ता परतली तेव्हा मी भरलेल्या टपरीमागे बसून पपई खात होते.

गाडीत एका सिग्नलला ती म्हणाली, "तू तिला पुढचं सांगितलंच नाहीस."

"पुढचं काय?"

"तोडलं तर पाऊस, आई. तोडलं तर. मी तोडत नाही. मी शिंपल्यात करते. म्हणजे ते दोघं तिथे झाडावर एकत्र राहतात आणि तुला कानात घालायलाही मिळतं. दॅट्स द होल पॉइंट!" तिचा आवाज चढला. "तू इथे आल्यापासून माझं काम बघितलंच नाहीस. यू केम टू टेक मी होम. तुला वाटतं मला कळत नाही?"

"मग दातात काय वाईट होतं?" मीही चढवला. "शिकलीस, नाव काढलंस. लोकांचं दुखणं थांबवतेस. ते काय कमी आहे?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला नाही, हिलोत वाजवत नाहीत. ती म्हणाली, "आई, माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आत येताना एकच विचार करत असतो, इथून कधी सुटतो. रोज. एव्हरी सिंगल वन. मी दोन दिवस ते आनंदानं करते. पाच दिवस केलं की मला पण तसंच वाटायला लागतं."

शॉमबर्गला दवाखान्यात नोकरीला असताना ती संध्याकाळी घरी येऊन गाडीतच बसून राहायची, इंजिन बंद करून. मी स्वयंपाकघरातून पाहायची आणि म्हणायची, फोनवर असेल.

मोमीला हे सगळं कळलं तेव्हा तिनं मला रागवायच्या आधी आकाशाकडे पाहिलं. "उद्या पडणारच," म्हणाली. "तुझं फूल असो नसो. चला, ताडपत्री काढा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताडपत्री घेऊन एमिलीच्या लग्नाच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाऊस अंगात आल्यासारखा कोसळत होता. काळ्या वाळूवर पांढऱ्या खुर्च्या, ओल्या चिंब. वऱ्हाडी नारळाखाली उभे, आणि नारळ हे झाड त्या कामाचं नाही. मोमी बसवालीच्या आवाजात म्हणाली, "सगळे इकडे!" आणि बाजारातल्या टपरीची निळी ताडपत्री चार पाइपांवर उभी राहिली. एक पाइप मोमीनं धरला, एक नवरदेवाच्या दांडगट भावानं, एक विलासनं, आणि एक मी आणि मुक्तानं मिळून, कारण आमचं बोलणं बंद असलं तरी वारा फार होता.

लग्न लावणारे गृहस्थ फुलाफुलांच्या शर्टात मधोमध उभे. ताडपत्रीला हळूहळू पोट सुटायला लागलं. त्यात पाणी साठत होतं आणि विलास टेस्टिंगवाल्याच्या नजरेनं त्याकडे पाहत होता. "हे फार वेळ टिकणार नाही," तो मराठीत पुटपुटला. त्या क्षणी मुक्ता माझ्या कानाशी म्हणाली, "आई, जोशीकाकांना मी नाही म्हणून सांगितलंय."

"कधी?"

"तुम्ही यायच्या आधीच. त्यांनी दुसरी डेंटिस्ट शोधलीसुद्धा. ते म्हणाले, तुझ्या आईबाबांना तूच सांग."

"काय?" हे मी नाही, विलास ओरडला. त्यानं पलीकडून ऐकलं होतं. दोन आठवडे आम्ही नवराबायको बाथरूमचा नळ सोडून त्या आवाजात, तिला कसं सांगायचं याची तालीम करत होतो. तो धक्क्यानं आमच्याकडे वळला, त्याच्याबरोबर पाइप वळला, आणि ताडपत्रीच्या पोटात साठलेलं सगळं पाणी एका दमात त्या फुलाफुलांच्या शर्टावर आलं.

गृहस्थांच्या हातातला कागद लोळागोळा झाला होता. मग कुणीतरी हसलं. ती एमिली होती. हसता हसता तिला उभं राहवेना, नवऱ्याच्या खांद्याला धरून ती वाकली, काजळ गालावर. गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "पुढचं मला पाठ आहे," आणि लग्न लागलं.

नंतर मुक्ता कानातली घेऊन तिच्याजवळ गेली आणि तिनं ती सगळी गोष्ट नीट, शेवटपर्यंत सांगितली. झाडाची, फुलाची, न तोडण्याची. एमिलीनं ऐकलं आणि ओले केस मागे सारून ती कानातली घातली. "मग हा पाऊस कशाचा?" तिनं विचारलं.

"हा?" मोमी म्हणाली. "हा हिलोचा. याला कारण लागत नाही."

मी लांबून त्या कानातल्यांकडे पाहत होते. ढगातून थोडा उजेड आला की त्या केसासारख्या रेषा एकेक वेगळ्या दिसायच्या, आणि एमिलीनं मान हलवली की फूल वाऱ्यावर असल्यासारखं वाटायचं. आल्यापासून मी तो शिंपला पाहिला होता, किंमत पाहिली होती, साळिंदरसुद्धा पाहिलं होतं. फूल तिथे पाहिलं. मुक्ताला तसं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "तुझे केस पूस, सर्दी होईल." ती म्हणाली, "ओके." आमच्याकडे समेट असाच होतो.

परतीच्या वाटेवर गाडीत विलास म्हणाला, "माशांच्या टाकीचं काय करणार जोशी?" एवढंच. पुढे तो विषय त्यानं काढला नाही.

आठवड्याच्या मध्ये गौरी आल्या. मुखवटे शॉमबर्गच्या बेसमेंटमध्ये, त्यामुळे या वर्षी सासरच्या पद्धतीनंच करायचं ठरलं. विलासनं आनंद लपवायचा प्रयत्न केला नाही. पद्धत अशी की लेकीनं पाण्याकाठून खडे उचलायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे वाटेत बोलणं नको, आणि थेट घरी यायचं. मुक्ता ओढ्याकाठून खडे ताम्हनात घेऊन गाल फुगवून निघाली, मागे मी छत्री धरून. वळणावर मोमी भेटली. तिनं मुक्ताचे गाल पाहिले.

"दाढ?" तिनं विचारलं.

मुक्तानं 'नाही' म्हणून मान हलवली. मोमीनं तो होकार समजला.

"बघ! आता कळलं, मला कसं वाटलं होतं?" मोमी विजयानं म्हणाली. मग तिची नजर ताम्हनाकडे गेली आणि चेहरा बदलला. "दगड? हे दगड इथून न्यायचे नाहीत. ज्यांनी नेले त्यांनी पस्तावून परत पाठवलेत."

मी तिला सांगितलं की कुठे नेत नाही. देवी आहेत, घरी बसतील, जेवतील, आणि परवा आम्ही त्यांना जिथून आणलं तिथेच पाण्यात सोडू. मोमीनं जरा विचार केला. "म्हणजे उसन्या?"

"उसन्या."

"चालेल," ती म्हणाली. "तुमच्या देवीला शिस्त आहे." मी तिला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी मुक्ताच्या स्वयंपाकघरात पुरण घाटत होते. हिलोच्या बाजारात अळूची पानं ढिगानं मिळतात, सुपाएवढी, त्यांचं अळूवर आपल्याइतकंच प्रेम आहे. वड्या उकडत होत्या, खिडक्यांवर वाफ, बाहेर पावसाची भुरभुर. विलास पाटावरच्या खड्यांना हळदकुंकू वाहून त्यांच्याकडे कौतुकानं बघत बसला होता. मुक्तानं खड्यांभोवती शिंपल्याची माइलेची पानं मांडली होती. दागिना नाही म्हणून मला रुखरुख वाटू नये, असं म्हणाली.

इतक्यात दाराबाहेरून आवाज आला. कुणी हाक मारत नव्हतं, गात होतं. खोल, सावकाश, ताणलेला सूर. मी डोकावले. मोमी पायरीवर उभी, गळ्यात ओल्या पानांची माळ, दुसरी माळ हातात, डोळे मिटलेले. सूर संपला. ती तशीच उभी राहिली.

"या ना, दार उघडंच आहे!" विलास इंग्रजीत म्हणाला. मोमी हलली नाही.

मुक्ता स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, असं नाही! ती आत येऊ का म्हणून गाऊन विचारतेय. घरातल्या बाईनं तसंच उत्तर द्यायचं असतं. त्याशिवाय ती येणार नाही."

"कसंच?" मी म्हटलं. माझ्या हाताला पुरण, पदराला पीठ. "मला कुठे येतं ते?"

"आई, काहीही. समथिंग."

मोमी पावसात उभी होती. आणि मला एकदम आठवलं. नागपूरला महालक्ष्म्या आणताना एक जण त्यांना घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि एक आतून विचारते. सुरात विचारतात, लहान मुलंही ओरडून उत्तर देतात. मी उंबऱ्याशी गेले, घसा खाकरला आणि आईच्या चालीवर, होता नव्हता तेवढा आवाज लावून विचारलं, "कोण आलं गं, कोण आलं?"

मोमीनं डोळे उघडले. तिला कळेना.

मुक्ता माझ्या शेजारून निघाली, पायरी उतरली, भुरभुरीत मोमीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "गौर आली."

मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी बेसमेंटच्या जिन्यावर बसून ऐकलं असावं.

"कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर सोन्याच्या असं असतं. मुक्तानं मोमीच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि सुरात, स्वच्छ मराठीत म्हणाली, "शिंपल्याच्या पावलांनी आली."

पुढचं न म्हणता मी दोघींना हातानं आत बोलावलं.

मोमीनं मुक्ताला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाली तुझी आई?"

"ये म्हणाली."

"एवढंच?" मोमी चपला काढत म्हणाली. "मग इतका वेळ काय लावला?"